चहापुरती तुटणारी जोडणी

"झोपलो नव्हतो. तुझ्या आईच्यान सांगतो, झोपलो नव्हतो."

"माझ्या आईला कशाला मध्ये घालतोस मामा? सख्खी बहीण आहे ती तुझी. लहानपणापासून तुला झोपलेला बघत आलीय."

"मग तूच सांग, शहाणे. झोपलेल्या माणसाच्या हातात भरलेला कप राहील का? काठोकाठ भरला होता गं!"

"टँकर पण काठोकाठ भरला होता. कपाला निदान काठ कळला."

मामा केबिनच्या खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं होतंही. डेपोच्या अख्ख्या आवारात गोडं तेल पसरलं होतं, त्यावर लाकडाचा भुसा टाकला होता, आणि त्या भुश्यावरून माणसं नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखी पाय फाकवून चालत होती. ज्या टँकरच्या झाकणातून हा पूर आला होता, तो नळीखाली तसाच उभा होता. त्याचा ड्रायव्हर पायरीवर बसून चपला पुसत होता. एक पुसून झाली की खाली ठेवायचा, ती पुन्हा तेलात जायची, मग दुसरी पुसायला घ्यायचा.

डेपोचे मोठे साहेब सकाळीच "काय झालं?" म्हणून विचारत आले होते आणि उत्तर मिळायच्या आत तेलात बसले होते. दोघांनी काखेत हात घालून उठवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कपडे बदलून येतो. जेवणाच्या सुट्टीआधी या डुलकीचा निकाल लावतो."

डुलकी म्हणजे मामा. हे नाव त्याला फार जुन्या काळी पडलं होतं. तेव्हा वजनाचा पडदा नव्हता. झाकणात वाकून बघायचं, अंदाजानं तेल सोडायचं आणि अंदाजानं बंद करायचं. मामाचा अंदाज चांगला होता, झोपही चांगली होती, आणि एके दुपारी दोन्ही एकाच वेळी आली. त्या दिवशी सांडलेलं तेल आजच्यापेक्षा कमीच होतं, पण नाव पडायला तेवढं पुरलं. पुढं मामा वर्षानुवर्षं टक्क जागा राहिला. कुणी नाव बदललं नाही. साहेबांनी केबिनच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं लाल रंगात लिहून ठेवलं: "अंदाज बंद. पडदा सांगेल तेवढंच."

आता त्याची नोकरी संपायला फार काळ उरला नव्हता, आणि डुलकीचा निकाल म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. नळीवरून उठवायचं आणि फाटकाशी स्टुलावर बसवायचं. गाडी आली की दांडा वर, गेली की दांडा खाली. मामाच्या मते ते काम माणसाचं नव्हतं, दगड बांधलेल्या दोरीचं होतं.

"पडद्यानं सांगितलं म्हणून भरलं," तो खिडकीकडं तोंड करूनच म्हणाला. "आणि पडदा तुझा."

ते खरं होतं. आवारात जिला सगळे नुसतं भाची म्हणत, साहेबसुद्धा, तिनंच तो पडदा लिहिला होता.

भाची मामाच्या घरी वाढली. वडिलांची बदली अशा ठिकाणी झाली होती, जिथं शाळा दूर आणि दवाखाना त्याहून दूर, म्हणून आईनं तिला भावाकडं ठेवलं. मामाही कुठं एका जागी ठरत नव्हता. आज या डेपोच्या चाळीत, पुढच्या वर्षी दुसऱ्या. दर वेळी बिऱ्हाड हलायचं आणि दर वेळी तीच शिसवी खाट दाराला अडायची. मग मामा ती सुटी करायचा. आधी फळ्या, मग आडवे दांडे, मग पाय, ज्या क्रमानं सोडलं त्या क्रमानं एकाखाली एक दोरीनं बांधायचा, आणि तो गठ्ठा अरुंद दारातून एखाद्या काठीसारखा बाहेर निघायचा. नव्या घरी तो गठ्ठा सोडून खाट उभी करायचं काम भाचीचं. दोरी सोडली की आधी काय येणार, मग काय येणार, हे तिला पाठ होतं. एकदा तिनं घाईत मधलाच दांडा आधी उपसला. रात्री मामी खाटेसकट खाली आली. मामीनं अजून ते सोडलेलं नाही.

पुढं शिकून ती याच डेपोत लागली तेव्हा तिच्या वाट्याला तेच काम आलं, फक्त खाट नव्हती. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ बसायचे. ते पाठवणारा प्रोग्राम लिहायचे, आणि वर बसायचे म्हणून त्यांना सगळे वरचे म्हणत. त्यांच्या यंत्रात एक 'गाडी' असायची. खरी नव्हे, माहितीची. तिच्यात नंबर, ड्रायव्हर, टाकीचे कप्पे, वजन. ती गाडी सुटी करून, एका ओळीत लावून ते तारेत सोडायचे. तारेच्या या टोकाला, मामाच्या केबिनमध्ये, भाचीचा प्रोग्राम सॉकेटला, म्हणजे तारेच्या तोंडाला, कान लावून बसलेला असायचा. ओळ आली की वाचायची, तुकडे क्रमानं जोडायचे, गाडी होती तशी उभी करायची आणि पडद्यावर दाखवायची. पाठवणारा तो सर्व्हर, वाचणारा तो क्लायंट. भाची वाचणारी होती आणि तिला त्याचा अभिमान होता. "मी माझ्या पदरचं काही घालत नाही," ती सांगायची. "जे आलं ते दाखवलं."

तेल भरायची रीत अशी होती. टँकर फाटकातून रिकामा आला की तिथल्या काट्यावर त्याचं वजन व्हायचं. वरचे ती गाडी सगळीकडं पाठवायचे, मामाच्या पडद्यावर दिसायचं: रिकामी. मग टँकर नळीखाली यायचा. मामा अर्धी टाकी भरायचा आणि थांबायचा, कारण तेलाला फेस येतो. फेस बसला की नळीखालच्या काट्यावर पुन्हा वजन. वरचे ते पाठवायचे, पडदा सांगायचा अजून किती सोडायचं, आणि मामा हिरवं बटण दाबायचा. बंद व्हायचं काम मग नळी आपलं आपण करायची.

टाकी अर्धी होईपर्यंत मामा चहा करायचा. एकही गाडी त्यानं चहाशिवाय भरली नव्हती. केबिनमध्ये प्लग एकच. त्यात नेटवर्कची डबी लावलेली. मामा डबी उपटायचा, किटली लावायचा, चहा झाला की किटली काढून डबी परत लावायचा. डबी बंद झाली की भाचीच्या प्रोग्रामची जोडणी तुटायची, आणि डबी चालू झाली की तो बिचारा नव्यानं जोडून घ्यायचा. ही जोडून घ्यायची सोय भाचीनंच लिहिली होती आणि तिला वाटायचं, तार जुनी आहे.

तार बदलली. जोडणी तुटायची राहिली नाही. मग एक दिवस ती केबिनमध्ये नुसती बसून राहिली आणि तिनं किटली पाहिली.

"मामा! तू रोज हे करतोस?"

"रोज कुठं? गाडी असली तरच."

भाची त्याच संध्याकाळी बाजारात गेली आणि चार प्लगांची लांब पट्टी घेऊन आली. काल दुपारी तिनं ती स्वतः लावून दिली. एकात डबी, एकात किटली. "आता डबीला हात लावायचा नाही," असं तिनं बजावलं. मामानं लावला नाही. आज पहिल्याच गाडीला हा तेलाचा पूर.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. पण ते तिला अजून कळायचं होतं. तेवढ्यात मामीचा फोन आला.

"तेल सांडलं म्हणे?"

"हो मामी."

"स्वच्छ आहे का? डबा पाठवू?"

"मामी, मामाची जागा जायची वेळ आलीय."

"ती जाईल तेव्हा जाईल. तेल आत्ता जातंय."

भाची फोन ठेवून वर गेली.

वरचे खुर्चीत ताठ बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण काटकसरी इतका, की बुटाची एक नाडी मधोमध कापून दोन बुटांत घालायचा. त्यांनी आपली नोंद उघडून तिच्यापुढं केली. "हे बघ. अर्धं भरल्यावर वजन बदललं, मी लगेच पाठवलं. माझ्याकडून गेलंय."

भाचीनं आपली नोंद काढली. "माझ्याकडं दोन्ही वेळेला गाडी आली. दोन्ही वेळेला रिकामी."

"म्हणजे तुझं वाचणं चुकतंय."

"आलेलं वाचलं. न आलेलं कसं वाचू?"

"मग वाटेत कुणी खाल्लं का वजन?"

"तुम्हीच सांगा. वाट तुमच्याकडून निघते."

असं बराच वेळ चाललं. दोघांच्याही नोंदी खऱ्या होत्या, त्यामुळं दोघांचाही आवाज चढला. शेवटी भाची उठली, खाली आली, आणि गाडी बनवून बघायच्याही आधी तारेतून जे कच्चं येतं, तेच उघडून बसली. बांधलेल्या खाटेकडं दोरी सोडायच्या आधी बघावं तसं.

पहिल्या वेळेला लांबलचक ओळ आली होती. नंबर, ड्रायव्हर, कप्पे, वजन, सगळं. दुसऱ्या वेळेला जेमतेम चिमूटभर. एवढ्याशा जागेत गाडी सोडा, गाडीचा हॉर्नही मावला नसता. पण तिच्या प्रोग्रामनं त्या चिमटीतून अख्खी गाडी उभी केली होती. कशातून केली?

मग तिला उमजलं, आणि ती डोक्याला हात लावून बसली.

तारेत वस्तू सोडणारा जो निरोप्या असतो, तो आळशी असतो. एकदा पाठवलेली वस्तू तो लक्षात ठेवतो. तीच वस्तू परत हातात दिली तर तो पुन्हा सगळी सोडून, बांधून पाठवत नाही. नुसतं कळवतो, "मघाचीच." गावात एखाद्या म्हातारीला विचारावं, कोण आलं होतं, तर ती म्हणते, "मघाचाच तो." आता मघाशी तो हात हलवत गेला होता आणि येताना डोक्यावर पोतं घेऊन आला, हे म्हातारी सांगत नाही. तिच्या दृष्टीनं माणूस तोच. आणि वरचे पडले काटकसरी. दर वजनाला नवी गाडी ते बनवत नव्हते. फाटकातून आत येताना बनवलेली एकच गाडी बाहेर जाईपर्यंत वापरायची, फक्त वजन खोडून नवं लिहायचं. निरोप्यानं आतलं वजन उघडून पाहिलंच नाही. गाडी तीच दिसली, त्यानं कळवलं: मघाचीच. आणि इकडं भाचीच्या प्रोग्रामनं इमानानं मघाची रिकामी गाडी काढून दाखवली.

"पण इतके दिवस चाललं कसं?" ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली.

तिची नजर किटलीवर गेली. मग पट्टीवर. मग पुन्हा किटलीवर.

जोडणी तुटली की निरोप्या नवा येतो. नव्या निरोप्याला मघाचं काही ठाऊक नसतं. तो सगळी गाडी पहिल्यापासून सांगतो.

"मामा, चहा कर."

"आत्ता? माझी जागा चाललीय आणि तुला चहा सुचतोय?"

"पिऊ नको. नुसता कर. पट्टी काढ, पहिल्यासारखा डबी उपटून कर."

"कालच ओरडली होतीस, डबीला हात लावू नको म्हणून."

"काल मी मूर्ख होते."

"ते मामी रोज म्हणते," मामा म्हणाला आणि उठला.

तिनं वरच्यांना एक खोटी गाडी पाठवायला लावली, मग वजन बदलून तीच परत. चहा न करता: दोन्ही वेळेला रिकामी. मधे चहा करून: दुसऱ्या वेळेला अर्धी भरलेली. खात्रीसाठी तिनं परत करायला लावला. मामानं निमूट किटली भरली. ड्रायव्हरला फुकट चहा मिळाला, त्यानं आणखी एकदा खात्री करा म्हणून सुचवलं.

साहेब आले ते मेहुण्याची पँट घालून. मेहुणा उंच असावा. पायाशी घड्या घालून घालून तिथं नुसता गोळा झाला होता. केबिनच्या दारात ते भुश्यावर नीट पाय रोवून उभे राहिले. मागून वरचे आले. ड्रायव्हर दाराशी कप घेऊन होता.

"एका वाक्यात सांगा," साहेब म्हणाले.

भाची उभी राहिली. "मामा चहा करतो तेव्हा पडदा खरं बोलतो, आणि मी पट्टी आणून दिल्यामुळं चहा करूनही चहाचा उपयोग झाला नाही, म्हणून पडदा खोटं बोलला."

साहेबांनी ते वाक्य मनात एकदा फिरवून पाहिलं. "दोन वाक्यांत सांगा," ते म्हणाले.

तिनं निरोप्या सांगितला, म्हातारी सांगितली, पोतं सांगितलं. चिमूटभर ओळ दाखवली. वरच्यांकडं बघून म्हणाली, "यांनी वजन पाठवलं होतं, हेही खरं. फक्त ते त्यांच्या दारातून बाहेर पडलं नाही."

वरच्यांनी घसा साफ केला. "काटकसर म्हणून केलं होतं मी."

"आवार बघितलंत का काटकसरीचं?" साहेब म्हणाले. मग मामाकडं वळले. त्यांचा सकाळचा राग पँटीत अडकल्यासारखा अजून शिल्लक होता. "ते राहू दे. यंत्र चुकलं, मान्य. पण तू माणूस आहेस ना? अर्धी टाकी तू स्वतः भरलीस. पडदा म्हणतो रिकामी. जागा असतास तर कळलं नसतं का तुला?"

"कळलं होतं," मामा म्हणाला.

"मग?"

"मी ओरडलो. म्हणलं, आतलं कुठं गेलं रे?"

"ओरडले होते," ड्रायव्हर दारातून म्हणाला. "मी म्हणलं मला काय विचारता, मी काय प्यालो?"

"मग कळत होतं तर बटण का दाबलंस?" साहेबांचा आवाज चढला.

 मामानं नुसता हात वर केला आणि भिंतीकडं दाखवलं. साहेबांनी वळून वाचलं. अंदाज बंद. पडदा सांगेल तेवढंच. रंग थोडा उडाला होता, पण अक्षर साहेबांचंच होतं, 'ढ'ला शेपूट काढायची त्यांची सवय लपत नव्हती.

 किटली तेवढी आपल्याशी पुटपुटत होती.

"हं," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "आणि डुलकी काढली नव्हतीस याला पुरावा?"

"डुलकी काढली असती तर चहा सांडला असता, साहेब. चहाचा थेंब नाही सांडला. बघा फरशी."

साहेबांनी खरंच फरशी बघितली. फरशीवर तेल होतं, भुसा होता, पण चहा नव्हता.

"बस तिथंच," ते म्हणाले. "नळीवरच बस. आणि हे दुरुस्त होईपर्यंत दर गाडीला चहा झालाच पाहिजे. डबी उपटून. हा हुकूम आहे." वरच्यांना त्यांनी विचारलं, "दुरुस्त कधी होईल?"

"काम एका ओळीचं आहे," वरचे म्हणाले. "निरोप्याला दर वेळी मघाचं विसरायला लावायचं. पण माझ्याकडचं काही बदलायचं म्हणजे मुख्य कचेरीची परवानगी लागते. पुढच्या महिन्यात..."

साहेब पँट सावरत निघून गेले. जाताना त्यांनी चौकटीला धरलं, तेही एकदा सोडून दोनदा.

भाचीला पुढच्या महिन्यापर्यंत दम नव्हता. मामाला एखाद दिवशी ताप आला, बदली माणूस चहा न पिणारा निघाला, तर पुन्हा आवारात भुसा आणि पुन्हा वासरं. पाठवणं तिच्या हातात नव्हतं. वाचणं होतं. तिनं तिथंच स्टूल ओढलं आणि आपल्या क्लायंटमध्ये लिहिलं: एक गाडी वाचून झाली की जोडणी आपणच तोडायची आणि लगेच नवी लावायची. पलीकडं निरोप्या नवा. काम होतं जरा गावठीच. दर वेळी निरोप घेतला की दार आपटून पुन्हा कडी वाजवायची. पण खोटी गाडी पाठवून पाहिली, तेव्हा चहा न करता अर्धी ती अर्धीच दिसली.

वरचे तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "या फंक्शनला नाव काय दिलंयस हे? 'चहा'?"

"काम तेच करतं."

"कुणी वाचलं तर काय म्हणेल?"

"समजेल त्याला. इथं काम करत असेल तर." मग जरा थांबून तिनं विचारलं, "ती एक ओळ घालाल ना पण? परवानगी आली की?"

"घालीन," वरचे म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की एक ओळ खर्च होणार याचं त्यांना आत्तापासूनच वाईट वाटत होतं. ते जपून पावलं टाकत वर गेले.

मामानं चार प्लगांची पट्टी गुंडाळली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "ही घरी घेऊन जा. मामीच्या मिक्सरला होईल."

"अरे आता लागू दे की. आता डबी उपटायची गरज नाही. मी आत तेच लिहिलंय."

"तू कालही असंच म्हणली होतीस."

 पट्टी तिनं पिशवीत टाकली.

फाटकाशी हॉर्न वाजला. पडद्यावर नवी गाडी उभी राहिली, नंबर, ड्रायव्हर, कप्पे, रिकामी. टँकर भुश्यावरून हळूहळू आला आणि नळीखाली थांबला. मामानं झडप उघडली, टाकी अर्धी भरायला सोडली, डबी उपटली आणि किटली लावली. डोळा मात्र पडद्यावर नव्हता, नळीवर होता, आणि भिंतीकडं त्यानं पाठ केली होती. थोड्या वेळानं डबी परत लागली. फेस बसला, वजन आलं. अर्धी.

"काय गं, बरोबर?"

"बरोबर."

"मी आधीच ओळखलं होतं," मामा म्हणाला आणि हिरवं बटण दाबलं.

भाचीनं स्टूल पुन्हा मेजाशी ओढलं. डेपोतल्या साठ्याच्या टाक्यांच्या पातळीचा पडदाही तिचाच होता, तिथंही नुसतं 'मघाचीच' येत नाही ना, हे एकदा कच्चं उघडून बघायला हवं होतं. तिनं पहिली ओळ काढली, मामानं पुढं केलेला कप न बघताच हातात घेतला आणि वाचायला लागली.